धुडकूच्या नावाची मूठ

मी एक रुमाल बोलतोय. जरा हळू बोलतोय, सांभाळून घ्या. मोठ्या आवाजाची मला पहिल्यापासून धास्ती, आणि जन्म झाला तो नेमका बाँबगोळ्यांच्या काळात. नशीब म्हणतात ते हेच.

खरं म्हणजे मी रुमालही नाही. मी नकाशा आहे, रेशमावर छापलेला. एका अंगाला ब्रह्मदेशाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला नद्या आणि जंगलं. पण मी राहतो सुरतेत, लिंबायतमध्ये, साड्यांचं कापड विणणाऱ्या आणि साड्यांना टिकल्या चिकटवणाऱ्या माणसांत. इथे रेशमाच्या चौकोनी तुकड्याला नकाशा कोण म्हणणार? म्हणून मीही रुमाल हेच नाव लावतो.

दुसऱ्या महायुद्धात एका कारखान्यात मी छापला गेलो. माझ्यासारखे पुष्कळ होते. विमानातून लढायला जाणाऱ्या माणसांच्या खिशात आम्हाला ठेवायचं होतं. विमान पडलं आणि माणूस जंगलात जिवंत उतरला, तर त्याने मला काढून वाट शोधायची. कागदाचा नकाशा पाण्यात विरघळतो आणि उलगडताना खरखर वाजतो. लपून बसलेल्या माणसाला ती खरखरसुद्धा महागात पडते. म्हणून रेशीम.

म्हणजे बघा, विमान पडणार, माणूस एकटा सापडणार, शत्रू मागावर येणार, हे सगळं धरूनच मला बनवलेलं. कुणाच्या तरी वाईट दिवसासाठीच ज्याला जन्माला घातलं तो भित्रा होणार नाही तर काय होणार? भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो म्हणतात. माझ्यापाठी तो पन्नास वर्षं लागला होता, आणि त्याचीच गोष्ट मी सांगणार आहे.

मला धुडकूच्या हवाली केलं गेलं. धुडकू खानदेशातला, अमळनेरच्या बाजूच्या एका खेड्यातला. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईने मुद्दाम हे नाव ठेवलं. यमाला वाटावं, हे काही नेण्यासारखं पोरगं नाही. पोरगं शाळा शिकलं, इंग्रजी वाचायला लागलं आणि लढाई सुरू झाल्यावर हवाई दलात भरती झालं. घरी नवी नवरी होती, भागीरथी. चौदा-पंधरा वर्षांची असेल.

बाँब टाकणाऱ्या विमानात दोनच माणसं. पुढे विमान चालवणारा, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून, शेपटाकडे तोंड करून बसलेला धुडकू. त्याच्या हातात मशीनगन. मागून शत्रूचं विमान आलं तर त्याने ती चालवायची. बाँब टाकायची वेळ आली की विमान नाकावर सरळ खाली झेपावायचं. पुढच्याला निदान जमीन दिसायची. धुडकू पाठमोरा, त्याला फक्त वरचं आभाळ लांब जाताना दिसायचं. विमान पुन्हा वर उचललं जाणार की नाही, हे त्याला पाठीनेच ओळखावं लागायचं.

मी त्याच्या छातीवरच्या खिशात होतो, त्यामुळे मला त्याचं सगळं कळायचं. तो घाबरायचा. फार घाबरायचा. तो एका हाताने खिसा घट्ट दाबून म्हणायचा, "कानबाई माय, सांभाळ." खाली उतरला की हसायचा, सोबत्यांची टर उडवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन त्याच जागी बसायचा. त्याच्या शौर्याबद्दल कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन.

एका दुपारी विमान खाली झेपावलं, बाँब सुटला, विमान वर उचललं गेलं. धुडकूने श्वास सोडला. आणि तेवढ्यात खालून काहीतरी विमानाचा तळ फोडून आत आलं. पुढचा माणूस सारखा विचारत होता, "ठीक आहेस ना? बोल काहीतरी." धुडकू बोलला नाही. खिसा ओला झाला आणि मी भिजलो. विमान धावपट्टीवर सुखरूप उतरलं. मला कुणी उलगडलंच नाही, जंगलात उतरायची वेळच आली नाही.

धुडकूला तिथेच अग्नी दिला. त्याच्या वस्तू गोळा केल्या त्याच्या सोबत्याने, वाल्मिकने. वाल्मिक चोपड्याकडचा, म्हणजे घरच्यासारखाच. त्याने मला खिशातून काढलं आणि तंबूबाहेर डोकं धरून बसला. मी लाल झालो होतो. डोंगर दिसत नव्हते, नद्या दिसत नव्हत्या.

"पोरसवदा बायको आहे त्याची. तिच्या हातात हे असं कसं देऊ?" तो स्वतःशीच म्हणाला.

आणि त्याने मला धुतलं. टिनाच्या डब्यात थंड पाणी घेऊन, साबण लावून, पुन्हा पाणी बदलून, बोटांनी हळूहळू चोळून. रडत रडत धुतलं. माझं अंग स्वच्छ झालं, फक्त दुमडून शिवलेल्या काठाच्या आत थोडं राहिलं, तिथपर्यंत त्याची बोटं पोचली नाहीत. मग त्याने मला तंबूच्या दोरीवर वाळवलं आणि चार पदरी घडी घातली. इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता. त्या मायेनेच पुढचा सगळा घोटाळा केला.

सुट्टी मिळाल्यावर वाल्मिक धुडकूच्या गावी आला. तार आधीच पोचली होती. सासरा ओट्यावर बसलेला, बाया आत रडत होत्या. भागीरथी मात्र दाराच्या चौकटीला धरून उभी होती, कपाळाला कुंकू तसंच. वाल्मिकने मला तिच्या हातात दिलं.

तिने मला उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं, नाकाशी नेलं. माझ्या अंगाला साबणाचा वास होता.

"मेला म्हंतस, मंग रुमाल कोरा कसा?" तिने विचारलं.

वाल्मिक ओट्यावरच्या सासऱ्याकडे बघायला लागला.

"तुम्ही डोळ्यांनी पाहिलं का?"

आता खरं सांगायचं तर त्या पोरीला काय काय सांगावं लागलं असतं? वाल्मिकला ते जमलं नाही. लढाईतून आलेला माणूस, पण तिथे त्याची पाचावर धारण बसली. "नाही वहिनी," तो पुटपुटला, "मी नव्हतो तिथे."

बस. भागीरथीने मला मुठीत आवळलं आणि सासऱ्याला सांगितलं, "मन्हा मानूस जित्ता शे. त्यासनं सुतक कोनी धराणं नही." त्याच आठवड्यात तिने माझ्या काठाला चहूबाजूंनी हिरवा गोट शिवला, सवाष्णीचा हिरवा. आतला डाग त्या गोटाखाली गेला. दिवस वगैरे घालायचा विषय काढला की ती विहिरीकडे चालायला लागायची. घरच्यांनी हात टेकले.

मला तेव्हापासून एकच भीती. हा गोट कधी उसवला तर?

आता आमच्या खानदेशातल्या दोन चाली सांगतो, म्हणजे पुढचं तुम्हाला समजेल. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या प्रसादाचे रोट करतात, त्याला घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात. जितके जिवंत पुरुष, तितक्या मुठी. आणि वैशाखात आखाजी येते, म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया. त्या दिवशी मेलेल्यांच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरतात, वर खरबूज ठेवतात, आणि नाव घेऊन त्यांना पाणी प्यायला बोलावतात. ज्याची घागर भरत नाहीत तो तहानलेला राहतो, असं मानतात.

धुडकूची घागर कधी भरली नाही. त्याच्या नावची मूठ मात्र कधी चुकली नाही. श्रावण आला की भागीरथी मला कानबाईच्या पूजेच्या डब्यातून काढायची, पसरायची, आणि धुडकूच्या वाट्याचे गहू सुपात टाकायच्या आधी माझ्यावर ठेवायची. दुसऱ्या कुणाचे नाही, त्याचेच. गहू ठेवून ती जरा वेळ बघत बसायची. मी गव्हांखाली धास्तावून पडलेला असायचो, कारण सगळं मला ठाऊक होतं आणि माझ्याकडे तोंड नव्हतं.

वर्षं गेली. सासू-सासरे गेले. धाकटा दीर आणि जाऊ तापाने गेले, त्यांचा मुलगा छगन भागीरथीने वाढवला. तो तिला मोठी माय म्हणतो. शेती पुरेना म्हणून छगन सुरतेला लूमवर कामाला आला, लिंबायतमध्ये खोली घेतली, लग्न केलं आणि मोठ्या मायला घेऊन आला. तिच्या पिशवीत कानबाईचा डबा होता आणि डब्यात मी.

लिंबायतमध्ये लूमची खटखट दिवसभर. पहिले काही महिने माझा जीव भांड्यात पडेना, मला वाटायचं पुन्हा मशीनगनच सुरू झाली. मग सवय झाली. छगनच्या बायकोचं नाव शोभाबाई, ती घरी साड्यांना टिकल्या चिकटवते. त्यांना एकच मुलगी, हर्षदा. ती शाळेत गुजराती शिकली, मैत्रिणींशी हिंदी बोलते, आणि मोठ्या मायची अहिराणी तिला सगळी कळते पण उत्तर भलत्याच भाषेत देते. घरात पुरुष एकटा छगन. तरी रोटाला दोन मुठी पडायच्या.

चौऱ्याण्णवच्या श्रावणात शोभाबाईने पहिल्यांदा तोंड उघडलं. हर्षदाचं लग्न दोनदा ठरता ठरता मोडलं होतं, आणि चाळीतल्या बायांनी शोभाबाईच्या डोक्यात भरवलं होतं, की तुमच्या घरात पितर तहानलेला आहे.

भागीरथीने माझ्यावर गहू ठेवले तशी शोभाबाई म्हणाली, "मोठी माय, मेलेल्या माणसाची मूठ देवीच्या रोटात टाकतो आपण. कानबाई कोपेल नाही तर काय करेल?"

"मन्हा मानूस जित्ता शे."

"सत्तरीपुढचा झाला असता तो! पन्नास वर्षं कुठे राहील माणूस? निदान घागर तरी भरू द्या. माझ्या पोरीने काय घोडं मारलंय त्याचं?"

"शोभा," छगन मधे पडला, "देवीच्या पुढे नको."

"मग कुठे बोलू? तुम्ही तर घाबरता त्यांना."

छगन खरंच घाबरायचा. आईच्या जागी असलेल्या बाईला काय सांगणार? हर्षदा टिकल्यांची डबी बंद करत आईला आवरायला म्हणाली, "हवे बस कर ने, मम्मी." भागीरथी कुणाकडेच बघत नव्हती. तिने माझ्यावरचे गहू उचलून सुपात टाकले.  शोभाबाई काही वाईट नाही. ती पोरीच्या काळजीने भेदरलेली होती, आणि भेदरलेल्यांना मी लगेच ओळखतो.

श्रावण गेला, भाद्रपद आला. खाडीचं पाणी चाळीत शिरलं, ओसरलं, मागे चिखल आणि मेलेली जनावरं ठेवून गेलं. आणि पितृपक्ष लागला त्याच दिवसांत बातमी पसरली, की सुरतेत प्लेग आलाय.

मी लढाई पाहिली आहे. पण तिथे आवाज होता. इथे एकाएकी लूम बंद पडले आणि लिंबायत गप्प झालं. माणसं तोंडाला फडकी बांधून फिरायला लागली, डोळे तेवढे दिसायचे. कोण खोकला तर लोक रस्ता बदलायचे. रोगाचं नावही घेईनात, 'ती बिमारी' म्हणायचे. गल्लीत पांढरी पावडर मारली गेली. खानदेशाकडे जाणाऱ्या गाड्यांना मुंग्यांसारखी माणसं लागली. शेजारची खोली रिकामी झाली, मग समोरची. डब्यात बसून मला फक्त कुलपं लागल्याचे आवाज ऐकू यायचे.

"मोठी माय, बांधाबांध कर," छगन म्हणाला, "उधना स्टेशनवरून गाडी धरू. जीव राहिला तर लूम आहेच."

गाठोडी बांधली. आणि निघायच्या वेळी हर्षदा भिंतीला टेकून खाली बसली. तिचं अंग तापलं होतं, दात वाजत होते. शोभाबाईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"म्हटलं होतं मी!" ती रडायला लागली. "पितरांचा पंधरवडा आहे. घागर नाही भरली त्याची, म्हणून तो माझ्या पोरीवर बसलाय."

छगन दाराशी खिळून राहिला. अशा तापाच्या पोरीला गाडीत कोण बसू देणार? आणि दवाखान्यात नेलेलं माणूस परत येत नाही, असं सगळे म्हणत होते. 

तेव्हा भागीरथी उठली. "पोरले ताप शे, ती मरेल नही," ती छगनला म्हणाली, म्हणजे पोरीला नुसता ताप आहे, मेलेली नाही. "रिक्षा लई ये. जाय."

रिक्षावाला कसाबसा तयार झाला, पण लांबूनच ओरडला, "पहले मुंह पे रुमाल बांधो, फिर बैठो." फडकी सगळी गाठोड्यांत गेलेली. भागीरथीने कानबाईचा डबा उघडला, मला बाहेर काढलं आणि हर्षदाच्या नाकातोंडावर बांधलं. "हाऊ तुना मोठा आबाना शे," ती म्हणाली, "हाऊ तुले राखी."

मी? मी काय राखणार? पोरीचा ऊन ऊन श्वास माझ्या डोंगरांतून आणि नद्यांतून आत-बाहेर होत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या श्वासाला लागलो होतो. श्वास जोरात आला की मी घाबरायचो आणि मंद झाला की त्याहून जास्त घाबरायचो. थांबू नको बाई, एवढंच मनात म्हणत होतो. छगन रिक्षात पुढे बसून रामनाम घेत होता, शोभाबाईने पोरीचं डोकं मांडीवर धरलं होतं.

सरकारी दवाखान्यात माणसांची खेटाखेट. जो तो दुसऱ्यापासून लांब सरकायचा आणि सरकायला जागा नाही. हर्षदाच्या बोटातून रक्त घेतलं, छाती तपासली. बराच वेळ थांबवलं. भागीरथीने पोरीचा हात सोडला नाही. शेवटी डॉक्टरांनी येऊन सांगितलं, मलेरिया आहे, 'ती बिमारी' नाही. शोभाबाई तिथेच फरशीवर बसली. औषधं दिली, खबरदारी म्हणून सगळ्यांना कॅप्सूलही दिल्या, आणि तिथल्या सिस्टरने माझ्याकडे बोट दाखवलं. "आ रुमाल घरे जईने उकाळी नाखजो, बा. भूलता नहीं."

घरी जाऊन उकळायचं. मला भीती उकळत्या पाण्याची नव्हती, गोटाची होती.

घरी आल्यावर हर्षदाला गोधडीत निजवलं. शोभाबाई लिंबू-पाणी करायला बसली, छगन गाठोडी सोडायला लागला. भागीरथीने स्टोव्हवर पातेलं चढवलं आणि मला मांडीवर घेतलं. हिरवा गोट उकळत्या पाण्यात रंग सोडणार, सगळा रुमाल बिघडणार. म्हणून तिने सुई घेतली आणि चौदा वर्षांच्या भागीरथीने घातलेले टाके पासष्ट वर्षांची भागीरथी एकेक करून उसवायला लागली.

मला ओरडायचं होतं. नको, असंच टाक, हिरवा झालो तरी चालेल मला. पण कापड काय ओरडणार? एक बाजू उसवली. दुसरी उसवली. तिसऱ्या बाजूला काठाची दुमड सुटली आणि आतली रेघ वर आली. तपकिरी, कडक, बोटभर लांब, आणि पुढे अजून.

भागीरथीची सुई थांबली.

तिने त्या रेघेवरून अंगठा फिरवला. नख लावून पाहिलं. मला डोळ्यांजवळ नेलं. गंज नव्हे, चहा नव्हे, चिखल नव्हे. कापडाला लागलेलं रक्त जुनं झाल्यावर कसं दिसतं, हे बाईमाणसाला कुणी सांगावं लागत नाही. ते धुऊन काढायचा कुणी प्रयत्न केला की काठात कसं राहतं, तेही नाही.

मग तिने मला उलटं केलं, सुलटं केलं आणि नाकाशी नेलं. आता साबणाचा वास कुठला? तरी तिला तो आला असावा. कारण ती हळूच म्हणाली, "धोयेल व्हता." धुतलेला होता. एवढंच. पन्नास वर्षांचा हिशेब तिने तिथल्या तिथे दोन शब्दांत केला आणि माझी भीती खरी झाली.

"काय झालं, मोठी माय?" हर्षदाने गोधडीतून विचारलं.

"काही नही, माय. तू निज."

पाणी खदखदत होतं. भागीरथी मला धरून बसली. आत टाकलं तर त्याची उरलेली एवढीशी खूणही जाईल की राहील, हे तिला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. नाही टाकलं तर ज्याच्यावर सगळं दवाखान्याचं वारं बसलंय तो रुमाल घरात, आणि पलीकडे आजारी पोरगी. तिने एकदा हर्षदाकडे पाहिलं. मग मला स्वतःच्या हाताने पाण्यात सोडलं.

भाजलो, आक्रसलो. माझे निम्मे डोंगर फिके पडले. पण ती रेघ काही गेली नाही. गरम पाण्यात रक्त निघत नाही, उलट पक्कं होतं.

हर्षदा बरी झाली. लूम सुरू झाले, खटखट परत आली, माणसं गावाहून परतली. भागीरथी कुणाला काही बोलली नाही. मला तिने गोटाशिवायच डब्यात ठेवलं. शोभाबाईच्या एवढं लक्षात आलं, की म्हातारी आता 'जित्ता शे' म्हणत नाही. विचारायची तिची छाती झाली नाही. डब्यात मी आणि बाहेर शोभाबाई, आम्ही दोघंही ती कधी काय करेल या धास्तीत दिवस काढत होतो. ती विहिरीकडे चालायची, हे मी विसरलो नव्हतो.

मग आखाजी आली. सकाळी छगन बाजाराला निघाला तशी भागीरथी म्हणाली, "छगन, यंदा दोन घागरी लई ये."

दरवर्षी एकच यायची, छगनच्या आईबापाची. छगनने बायकोकडे पाहिलं, बायकोने त्याच्याकडे. तो चप्पल न घालताच गेला.

दोन घागरी आल्या. धुतल्या, भरल्या, वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या मांडल्या. भागीरथीने मला आणून दुसऱ्या घागरीच्या पुढे पसरलं, डागाची बाजू वर करून. तेव्हा छगनने ती रेघ पाहिली. तो लूमवरचा माणूस, कापडावरचे डाग रोज बघतो. त्याचे डोळे भरून आले.

त्याने पहिल्या घागरीपुढे पाणी सोडून आईबापाची नावं घेतली, त्यांना पाणी प्यायला बोलावलं. दुसऱ्या घागरीपुढे आला आणि अडला. काकाचं नाव त्याच्या तोंडून निघेना. पन्नास वर्षं या घरात हे नाव मेलेल्यांत घ्यायची मनाई होती. तो मोठ्या मायकडे बघत राहिला.

भागीरथी पुढे सरकली. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. तिने ते कधीही घेतलं नव्हतं. 'त्या' म्हणजे ते, 'त्यासना' म्हणजे त्यांचा, एवढंच म्हणायची. लग्नाच्या उखाण्यातसुद्धा लाजून गप्प बसलेली.

तिने घागरीवर हात ठेवला.

"धुडकू," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, शेतातून आलेल्या माणसाला दारातून हाक मारावी तसा. "धुडकू, पानी पी."

शोभाबाईने तोंडाला पदर लावला. भागीरथीने घागर हाताने चाचपून पाहिली आणि तिच्याकडे वळली. "शोभा, धाकली घागर आनी का ओ छगननी? मोठी लेवानी व्हती. पन्नास सालनी तहान शे त्याले."

आणि मग ती रडली. एकदाची रडली. शोभाबाईने तिला जवळ घेतलं आणि "माझं चुकलं, मोठी माय" म्हणत स्वतःही रडली. कुंकवाचं काय, हे विचारायचं धाडस कुणाचं नव्हतं. हर्षदानेच मोठ्या मायचा चेहरा पुसला आणि कपाळाला हात न लावता पुसला. ते कुंकू अजून तसंच आहे.

मी आता कानबाईच्या डब्यात असतो. या श्रावणात रोटाला एकच मूठ पडली. माझ्यावर कुणी गहू ठेवले नाहीत. पोकळ वाटलं, खोटं कशाला बोलू? अधूनमधून हर्षदा मला काढते आणि माझ्यावरच्या नद्या बोटाने शोधते. मोठा आबा कुठे पडला असेल, म्हणून विचारते. नेमकी ती जागा उकळताना फिकी झाली आहे.

वाचकहो, तुम्हाला एकच सांगायचं होतं. कुणाच्या घरी असली बातमी घेऊन जायची वेळ आली, तर घाबरा, रडा, दारात अडखळा, सगळं चालेल. पण त्याचं कापड धुऊन नेऊ नका. ज्याचं माणूस गेलं त्याला तो डाग बघू द्या. वाल्मिक फार चांगला माणूस होता, आणि त्याच्या चांगुलपणापायी एक माणूस पन्नास वर्षं तहानलेला राहिला आणि एक बाई पन्नास वर्षं वाट बघत राहिली.

माझी जुनी भीती आता गेली. नवी एकच आहे. भागीरथी थकली आहे. उद्या ती नसेल, हर्षदा डबा आवरायला घेईल, आणि हा काठावरचा डाग बघून, अगदी चांगल्या मनाने, मला साबण लावेल.